खाचेची बाजू

तिएर, गुरुवार, सकाळचे साडेनऊ

प्रिय रेझिस,

वरचा 'प्रिय' पत्राची रीत म्हणून लिहिलाय. आज तू मला मुळीच प्रिय नाहीस. खोडणार होते, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड बरी दिसत नाही, म्हणून राहू दिला.

पत्र कशाला, आई दोन गल्ल्या खाली राहते, येऊन बोलली असती, असं तुझ्या मनात येईल. तर मी येऊन बोलले की काय होतं ते सांगते. मी म्हणते, "रेझिस, ऐक जरा." तू म्हणतोस, "हो आई, हो आई," आणि पॉलिशचं चाक सुरू करतोस. मागच्या ईस्टरला मी तुझ्या पाठीशी दहा मिनिटं बोलत होते. चाक थांबलं तेव्हा वळून म्हणालास, "अगं, तू अजून इथंच?" कागदापुढे चाक फिरवून काही उपयोग नाही. हे पत्र बार्नाबे तुझ्या हातात देईल आणि तू वाचून संपवेपर्यंत समोरून हलणार नाही. तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय आणि त्यासाठी सफरचंदाचा अर्धा केक त्याला दिलाय, तेव्हा त्याच्यावर डाफरू नकोस. आधी तुझ्या बाबांच्या आणि मग तुझ्या चाकावर तो चाळीस वर्षं वाकून बसलाय, जरा उभा राहू दे त्याला.

अक्षराला हसू नकोस. मी शाळेत किती गेले ते तुला माहीत आहे. हिवाळाभर वरच्या वाडीत आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर चाकू जोडायचे, बर्फ वितळलं की शाळा, आणि गवताची कापणी आली की पुन्हा घरी. बाई म्हणायच्या, "लेओनी, तू आलीस की मला वाटतं पाहुणी आली." नऊ वर्षांची असताना मी दिवसाला तीन डझन चाकूंना स्प्रिंगा बसवत होते, पण भागाकार काही शेवटपर्यंत जमला नाही. भागाकाराचं आजपर्यंत अडलंही नाही. ते जाऊ दे. मी रागात आहे आणि राग आला की मी भलतीकडे वाहवत जाते. तुझे बाबा म्हणायचे, लेओनीला भांडायला बसवा, संध्याकाळपर्यंत ती तुम्हाला तिच्या मावशीचं लग्न सांगेल.

तर परवा शनिवारी दहा चाळीसच्या गाडीने तुझी मुलगी लिऑनला चाललीय. कुठल्याशा गोदामात खोकी बांधायला. तेवीस वर्षांची निनॉन, जिच्या हातून चाकू बंद होताना असा आवाज येतो की बार्नाबे डोळे मिटून सांगतो, हा निनॉनचा. ती खोकी बांधणार. आणि तिला घालवलंस तू. ऐंशी चाकूंच्या, खिशाला अडकवायच्या क्लिपांवरून.

मला तो रविवार तुझ्या तोंडावर पुन्हा मांडायचाय, कारण तू तो आत्तापर्यंत तुझ्या सोयीचा करून ठेवला असशील. टेबलावर कोबीचं आणि डुकराच्या मांसाचं सूप झालं होतं, चीज फिरत होतं, आपापले चाकू सगळ्यांच्या हातात होते. तू खिशातून एक चाकू काढून टेबलाच्या मधोमध ठेवलास. जंगलतोडीच्या सहकारी संस्थेला पाठवलेल्या ऐंशीतला. म्हणालास, "हा बघा. सगळेच्या सगळे परत आलेत. क्लिप उलट्या बाजूला. एकाने उजव्या खिशात अडकवला, वाकला तसा चाकू खिशातच उघडला, आणि किल्ली काढायला हात घातला तेव्हा तळहाताला सहा टाके." सोलांजने तोंडावर हात धरला. बायको आहे तुझी, पण तुझ्यापेक्षा तिला माणसाची कणव लवकर येते. आणि मग तू निनॉनकडे बघितलंस. तिने काही म्हणायच्या आधी, तिला काही विचारायच्या आधी म्हणालास, "डावखुरीला सगळं जग डावखुरंच दिसतं."

तिने एवढंच विचारलं, "बाबा, खोक्यांवर माझी सही आहे का?"

तू म्हणालास, "आहे. ऐंशीच्या ऐंशी खोक्यांवर तुझा तो आकडेबाज 'न'. क्लिपसाठी दोन्ही बाजूंना भोकं पाडायची हे खूळ कोणाचं होतं? तुझं. डावखुऱ्या गिऱ्हाइकालाही सोय पाहिजे म्हणून. घे आता सोय. एका माणसाचा हात चिरला. उद्यापासून वर्कशॉपमध्ये पाय ठेवू नकोस."

आणि तू खटकन तुझा चाकू मिटलास.

रेझिस, तिच्या ताटलीत चीज होतं. अर्धा पाव होता. आपल्याकडे घरातल्या कर्त्याने चाकू मिटला की जेवण उरकलं, हे तुला तुझ्या आजोबांनी मांडीवर बसवून शिकवलं, आणि त्याच आजोबांनी हेही शिकवलं की समोर एकाच्याही ताटलीत घास असेल तर चाकू मिटायचा नाही. तुझे बाबा, क्लोविस, देव त्यांना सुखात ठेवो, माझी आई शेवटी शेवटी एक उकडलेला बटाटा तासभर खायची, तर उघडा चाकू पुढ्यात ठेवून तासभर बसायचे. सूप थिजायचं, कुत्रा झोपायचा, पण चाकू मिटायचे नाहीत. तू पोटच्या मुलीच्या तोंडावर मिटलास. ती उठली, ताटली उचलली, पाव कोंबड्यांच्या डब्यात टाकला आणि म्हणाली, "ते ऐंशी मी नीट करून देते, मग जाते." आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मी तुला विचारते. तिला तू ओळखतोस की नाही? पाच वर्षांची होती तेव्हा डाव्या हाताने कात्री चालेना म्हणून रडत बसली नाही, कात्री उलटी धरून कापायला शिकली. डावखुरं माणूस जन्मभर दुसऱ्याच्या बाजूने विचार करतं, कारण दारं, कात्र्या, सुऱ्या, सगळं दुसऱ्यांसाठीच केलेलं असतं. क्लिप कुठल्या बाजूला लागते हे आपल्या वर्कशॉपमध्ये कोणाला झोपेतही चुकणार नसेल, तर ते तिला. तिचा स्वतःचा चाकू बघितलास कधी? एकट्या तिच्याच चाकूची क्लिप पलीकडे आहे आणि रोज ती डोळ्यांसमोर असते. हे तुझ्या डोक्यात आलं नाही. तुला एकच ओळ सुचली, आणि ती सुचल्याचा आनंद झाला तुला, मी बघितलं ना तुझं तोंड.

मी ह्या क्लिपांच्या कायम विरोधात होते, तेही लिहून ठेवते. चाकू खिशाच्या तळाला पडायला पाहिजे, किल्ल्या आणि रुमालाबरोबर. क्लोविस म्हणायचे, चाकूला कान कशाला हवा, तो काय ऐकणार आहे? आणि शहरातल्या पोरांच्या खिशाबाहेर ते चकचकीत पातळ पत्रे डोकावताना दिसले की मला वाटायचं, हे चाकू वापरायला नेतात की दाखवायला. पण तू म्हणालास, क्लिप नसेल तर चाकू विकत नाही, आणि तुझं खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले ही गोष्ट लक्षात ठेव, ती माझ्याकडून फार वेळा होत नाही.

तुझे बाबा गेल्यावर दोन वर्षं मी खिडकीत बसून होते. तू यायचास, पाच मिनिटं बसायचास, औषधाच्या बाटल्या मोजायचास आणि जायचास. निनॉन आली ती एक डबा घेऊन आली. आत तीस क्लिपा. म्हणाली, "आजी, ह्या बाहेरून येतात, मशीनवर दाबलेल्या, सगळ्या सारख्या ताठ. गिऱ्हाईक म्हणतं खिसे फाटतात. बाबा म्हणतात असू दे. तुझे अंगठे रिकामेच आहेत ना?" असं बोलते ती माझ्याशी. मला फार आवडतं.

मी तीसही क्लिपा एका दुपारी नीट केल्या. आणि मग तू मला मंगळवारी आणि गुरुवारी वर्कशॉपमध्ये यायला परवानगी दिलीस, जशी काही मी त्याच बाकावर बसून तुला पोटात घेऊन काम केलेलंच नाही. तुला कधी मान वर करून बघायला वेळ झाला नाही, म्हणून मी तिथे काय करते ते आज सांगते. क्लिप चाकूवर असताना वाकवायची नसते. तसं केलं तर ताण स्क्रूंवर येतो आणि मुठीच्या आतल्या पट्टीतले आटे जातात. आधी दोन्ही बारीक स्क्रू काढायचे, ते निळ्या गोंदाने धरून बसलेले असले तर केस वाळवायच्या मशीनची गरम हवा द्यायची, की मुकाट्याने फिरतात. मग सुटी क्लिप चामड्याच्या तुकड्यावर ठेवायची आणि अंगठ्याने पोटात दाबायची. किती, ते सांगता येत नाही. अंगठ्याला कळतं. पत्रा पहिल्यांदा नाही म्हणतो, दुसऱ्यांदा नाही म्हणतो, मग एकदम हो म्हणतो, आणि हो म्हणायच्या केसभर आधी थांबायचं. मग पुन्हा चाकूवर बसवायची, स्क्रूला टाचणीच्या टोकाएवढा गोंद, आणि परीक्षा. परीक्षेला माझ्याकडे क्लोविसच्या जुन्या कॉर्डरॉयच्या पँटचा खिसा आहे, बाकाला खिळ्याने ठोकलेला. चाकू अडकवायचा आणि ओढायचा. पाहुणा कसा, निघतो निघतो म्हणत उठतो पण दारात दोन मिनिटं थांबतो, तसा निघाला पाहिजे. धावत सुटला तर क्लिप ढिली. कपड्याला धरून बसला तर ताठ.

रेझिस, पंच्याहत्तरी उलटल्यावर मला एक नवीन काम यायला लागलं. आम्ही जन्मभर केलं त्यात हे नव्हतं. मंगळवारी सकाळी मी कॉफी न संपवता निघते. केस विंचरते. बार्नाबे म्हणतो, "आली आमची क्लिपवाली," आणि मला पावडर लावल्यासारखं वाटतं. बुधवारी मी शेजारणीला सांगते की उद्या मला कामाला जायचंय, आणि ती बिचारी दर बुधवारी आश्चर्य करते. हे तुला मुद्दाम सांगतेय. पुढचं वाचताना लागेल.

तर राग. सोमवारी आणि मंगळवारी निनॉनने ते ऐंशी चाकू एकटीने उघडले. मंगळवारी मी आले तेव्हा ती माझ्याच स्टुलावर बसली होती. मी म्हटलं, "ऊठ, मी करते." तर म्हणाली, "आज नको आजी. आज तू नुसती माझ्याशेजारी बस." तू पलीकडे टेलिफोनवर त्या संस्थेच्या माणसाशी मऊ मऊ बोलत होतास. ती एकेक स्क्रू काढत होती, क्लिप पलटून दुसऱ्या बाजूच्या भोकांवर बसवत होती, आणि प्रत्येक वेळी माझ्या कॉर्डरॉयच्या खिशात अडकवून ओढून बघत होती. एकही क्लिप पुन्हा वाकवावी लागली नाही. ऐंशीमधली एकही. मला म्हणाली, "बघितलंस? ताण अगदी बरोबर आहे." तू टेलिफोन ठेवून येऊन म्हणालास, "गप्पा पुरे. झाल्या की खोक्यांवर माझी सही करीन, तुझी नको." मी तिथे होते. मला ऐकू येतं, तुला वाटतं तेवढी मी बहिरी नाही.

तुझ्या बाबांनी एकदा चार डझन चाकूंना शिंगाच्या मुठी उलट्या लावल्या होत्या, तू दहा वर्षांचा असशील. आजोबांनी काय केलं? रात्रीचं जेवण झाल्यावर एक मूठ हातात घेऊन म्हणाले, "क्लोविस, शिंग कुठल्या बैलाचं होतं रे, जो मागे मागे चालायचा त्याचं?" झालं. सगळे हसले, क्लोविस सगळ्यांत जास्त. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुठी काढल्या. वर्कशॉप तेच आहे, बाक तेच आहेत, आणि चूक झाली की आता माणूस काढून टाकायचा. एवढा मोठा कधी झालास तू?

मला ठाऊक आहे, एका माणसाचा हात चिरला आणि तिथे हसण्यासारखं काही नाही. त्याचं नाव फिर्मां. मी बार्नाबेकडून काढून घेतलं. दोन लहान मुली आहेत त्याला. सहा टाके उजव्या तळहाताला म्हणजे महिनाभर करवत धरता येणार नाही. उद्या सकाळच्या बसने मी त्याच्या गावी जाणार आहे. केकचा दुसरा अर्धा भाग त्याच्यासाठी ठेवलाय, आणि त्याला सांगायचं ते मी पाठ केलंय. तू त्याला पत्र पाठवलंस, वर्कशॉपच्या शिक्क्याचं. माणसाचा हात कापला तर तिथे माणसाने जावं लागतं.

काल बुधवारी संध्याकाळी निनॉन माझ्याकडे आली. निरोप घ्यायला. माझी जुनी बॅग मागितली, ती चाकांशिवायची, कारण तुझ्याकडून काही घेणार नाही म्हणाली. बॅगेत मी दोन टॉवेल घातले आणि लोकरीचे मोजे, लिऑनला दमट असतं. मी तुझ्याबद्दल बोलायला सुरुवात केली, फार वाईट शब्द वापरले, त्यातले काही तुझ्या बाबांनी सैन्यातून आणलेले होते. ती हसली. मग खिशातून तिचा चाकू काढून टेबलावर ठेवला, पातं उघडायची नखाची खाच खाली करून, आणि म्हणाली, "आजी, हे बघ. पुढच्या वेळी क्लिप बसवताना चाकू असा पालथा ठेव. खाच टेबलाकडे. मग वर जी बाजू दिसते तीच क्लिपची, माझा एक सोडून. असं केलंस की चुकायची सोयच नाही."

पुढच्या वेळी, म्हणाली. बस एवढंच. माझ्या गालाचा मुका घेतला आणि बॅग घेऊन गेली.

रेझिस, आता बार्नाबेकडे बघू नकोस, वाच. ते ऐंशी चाकू खोक्यांत भरले त्या गुरुवारी निनॉनचा दात दुखत होता. चार वाजता मी तिला म्हटलं, तू जा, मी उरलेलं करते, खोक्यांवर तुझ्या सह्या आहेतच, मी नुसते आत ठेवते. ती म्हणाली, "आजी, एकदा बघून घेईन उद्या." मी म्हटलं, "मला शिकवतेस?" त्या दिवशी मी सगळ्या ऐंशी क्लिपा ताण बघायला काढल्या होत्या. आणि बसवताना मी चाकू हातात घेतला तो जसा सत्तर वर्षं घेतलाय तसाच, खाच माझ्याकडे. आमच्यासाठी खाचेची बाजू म्हणजे चाकूचं तोंड. शिक्का त्या बाजूला, नक्षी त्या बाजूला, डब्यात ठेवताना ती बाजू वर, गिऱ्हाइकाला देताना ती बाजू समोर. पाठीला कोणी काही लावतं का? तू नव्या चाकूला अंगठ्याचं बटण दिलंस तरी बाबांसाठी म्हणून ती खाच ठेवलीस, आणि माझ्या हाताने ती बघितली आणि पुढचं हातानेच ठरवलं. भोकं दोन्हीकडे होती, स्क्रू छान बसले. क्लिप पाठीला बसवली असती तर उजव्या खिशात पात्याची पाठ मागच्या शिवणीला टेकते आणि पातं उघडायला जागाच राहत नाही. मी ती खाचेच्या बाजूला बसवून पात्याला उघडायला वाट करून दिली. ऐंशी वेळा. आणि तू रविवारी तो चाकू टेबलावर ठेवलास त्या क्षणी मला कळलं. क्लिप बघून नाही. स्क्रूच्या कडेला निळ्या गोंदाचा तो टाचणीएवढा थेंब बघून. आपल्याकडे एवढा कमी गोंद दुसरं कोणी लावत नाही.

मी बोलले नाही. तुझ्या चाकूचा खटका वाजला, तिच्या ताटलीत चीज होतं, आणि मी माझ्या ताटलीकडे बघत बसले. का, ते लिहिते, कारण ते लिहायलाच हे पत्र आहे, बाकीचं सगळं मी धीर यावा म्हणून लिहिलं. मला वाटलं, याला कळलं तर हा म्हणेल, आई, आता वय झालं, घरी आराम कर. मंगळवार आणि गुरुवार जातील. दोन दुपारींसाठी मी माझ्या नातीला गाडीत बसवायला तयार झाले होते, रेझिस. तिला मंगळवारीच कळलं होतं, तोच थेंब तिने ऐंशी वेळा काढला, म्हणून तर मला शेजारी बसवलं, तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे येऊ दिला नाही. आणि तिने तोंडातून एक अक्षर काढलं नाही. पुढच्या वेळी मी चुकू नये म्हणून युक्ती सांगून गेली. मी इतकी रागावले नव्हते कधी, तुझ्यावर, आणि तुझ्याहून जास्त कोणावर ते तुला कळलं असेल.

तेव्हा आता असं करायचं. चाक बंदच आहे ना? वर जा, ती वरच्या खोलीत मोज्यांच्या घड्या करत असेल. तिला सांग की तू विचारलं नाहीस. माझी चूक होती हे मी तिच्यासमोर सांगेन, ते तू सांगायचं नाहीस, ते माझं आहे. तू फक्त तुझं सांग. ती गाडीत बसायची की नाही ते तिचं ती ठरवेल, आणि गेली तर तू तिची बॅग स्टेशनपर्यंत उचलशील, ती जड आहे. आणि रविवारी मी जेवायला येईन. सगळ्यांच्या पुढ्यात, सोलांज असेल, बार्नाबेलाही बोलाव, तू मला तेच म्हणायचंस जे तिला म्हणालास. तेवढ्याच आवाजात. एका माणसाचा हात चिरला हेही म्हणायचंस. वर्कशॉपमध्ये पाय ठेवू नकोस म्हणायचं असेल तर तेही. मला "असू दे गं आई, होतं या वयात" असं म्हणालास, माझ्याशी तिच्याहून एक सूर जरी खाली बोललास, तर मी ताटलीत चीज तसंच टाकून उठून जाईन आणि पुन्हा तुझ्या टेबलाला बसणार नाही. मी त्या बाकावर काम करणारी बाई आहे. माझ्यावर पुरतं ओरड.

तुला जन्म दिल्याचा आज पश्चात्ताप नसलेली, पण उद्याचं सांगत नाही,
तुझीच आई,
लेओनी